बाबांनी मुठी सोडल्या होत्या

अंबरपेठ, हैदराबाद
रविवार, ८ फेब्रुवारी

तेजस,

आधी जे घडलं ते.

१. रविवार, १८ जानेवारीला सकाळी तू, मी आणि बाबा शमशाबादच्या पुढे त्या प्लॉटांच्या व्हेंचरवर गेलो. रस्ते आखलेले, नंबराचे दगड रोवलेले, घर एकही नाही.

२. मी वारा मोजला. मधूनमधून झोत येत होते. मी म्हटलं, आज फक्त माझा छोटा पतंग. तू मस्कतहून आणलेला मोठा, माणसाला ओढून नेणारा, गाडीतच राहील. तू ‘हौ’ म्हणालास.

३. बाबांनी छोटा पतंग दोनदा उडवला. दोन्ही वेळा ओढ वाढल्यावर मी ‘सोडा’ म्हटलं. दोन्ही वेळा त्यांनी दोऱ्यांच्या मुठी सोडल्या आणि पतंग खाली पडला.

४. दुसऱ्यांदा तो बाभळीत पडला. दोऱ्यांचा गुंता सोडवायला मला वेळ लागला. तू दोनदा घड्याळ पाहिलंस.

५. आई डबा घेऊन कॅबने येत होती. तिला व्हेंचरची कमान सापडेना. मी तिला आणायला रस्त्यावर गेले.

६. मी कमानीशी परतले तेव्हा लांबवर मोठा पतंग हवेत होता.

७. बाबा फरफटत गेले आणि प्लॉटच्या दगडावर आपटले. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेटला तडा गेला, डोक्याला नाही.

८. दवाखान्यात तू डॉक्टरांना म्हणालास, “पुराने पतंगबाज हैं साब. मैं छोडो छोडो चिल्लाया, उनों डोर छोडेच नै.”

९. बुधवारी तू मस्कतला गेलास.

या नऊही गोष्टी घडल्या. आठव्या क्रमांकाचं वाक्य तू बोललास, ते मी ऐकलं. ते वाक्य मात्र खोटं आहे, आणि हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

मराठी वाचताना तू अजून ओठ हलवतोस. म्हणूनच मराठीत लिहिते आहे. भरभर वर सरकवता येणार नाही. मेसेज केला की तुझ्याकडून अंगठ्याचं चित्र येतं. फोन केला की तू हसवतोस, आणि आई काय विचारायचं होतं तेच विसरून फोन ठेवते. कागदावर तुला ते जमणार नाही. उद्या आबिड्सच्या मोठ्या पोस्टातून हे पाठवेन.

वर ‘दादा’ लिहायचं राहून गेलेलं नाही.

तुझं वाक्य गल्लीत पोचलं आहे, आणि गल्लीला ते आवडलं आहे. काल समोरचे हिम्मतरावकाका आले होते. दारातूनच ओरडले, “बाळकृष्णराव, मान गए! हाड मोडलं पण डोर नाही सोडली. आमच्या अंबरपेठेचं नाव राखलंत.” बाबा हसले. काका चहा पिऊन, संक्रांतीच्या जुन्या पेचांच्या गोष्टी सांगून गेले. ते गेल्यावर बाबांनी मला हाक मारली.

“निशी, मी खरंच नाही सोडल्या मुठी?”

“सोडल्या होत्या, बाबा.”

“मलाही तसंच आठवतं. दोन्ही हात उघडले होते. हे असे.” डावा हात उघडून दाखवला, उजवा झोळीत होता. “पण तेजस तर समोर होता.”

“तेजस समोर होता, हे खरं आहे.”

“मग?”

“मग त्याला विचारा.”

ते तुला विचारणार नाहीत. मुलगा खोटा पडेल असा प्रश्न बाबा विचारत नाहीत, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. म्हणून तू आपणहून सांग. एक फोन पुरेल.

निशिगंधा


रविवार, २२ फेब्रुवारी

तेजस,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. माझ्यासाठी नव्हतं, पण तिने स्पीकर लावला होता. “आई, ती निशी काय कोर्ट भरवून बसलीय का? ॲक्सिडेंट था, हो गया. तिला म्हणावं, लग्न कर आता, म्हणजे चौकशीला दुसरा माणूस मिळेल.” आई हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली. शेवटी तू मोठा पतंग सांभाळून ठेवायला सांगितलंस. ठेवला आहे. त्याचा एक टाकाही उसवलेला नाही.

त्याच आठवड्यात तुझं घड्याळ आलं: हातात घातलेला माणूस पडला की मुलाच्या फोनवर आपोआप इशारा देणारं. बाबा ते आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. “पोराला केवढी काळजी,” हे हिम्मतरावकाकांना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. वस्तू चांगली आहे. बाबा झोपले असताना ती मी माझ्या हातात घातली आणि गादीवर धाडकन अंग टाकलं. तीनदा. तुला इशारे गेले असतील. तू फोन केला नाहीस.

आता तुला माहीत नसलेला भाग.

छोटा पतंग तूच दिला होतास, दोन वर्षांपूर्वी. म्हणाला होतास, “जिंदगीभर माझी मांजाची चरख धरलीस, आता तू उडव.” मी तो लगेच उडवला नाही. आधी उतरवायला शिकले. गच्चीवरच्या पतंगाला एक दोरी असते आणि तो आपल्याला ओढून नेत नाही. याला चार असतात: पुढच्या दोन ओढीच्या, मागच्या दोन ब्रेकच्या, आणि हातात दोन मुठी. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर अर्ध्या घुमटाएवढी जागा असते. घुमटाच्या कडेला पतंग शांत असतो. तोच मधोमध खाली आला की माणसाला उचलतो. त्यामुळे शिकायचं ते एवढंच: आपल्या वजनाला झेपेल तेवढाच पतंग घ्यायचा, वारा मोजायचा, पुढे माणूस, तार, दगड नाही ना पाहायचं, पतंग कडेला ठेवायचा, आणि भीती वाटली की मुठी सोडायच्या. मनगटांवर पट्टे असतात, ते ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले असतात. मुठी सुटल्या की पट्टे मागच्या दोऱ्या ओढतात, कापडातली हवा जाते, पतंग पडतो. पळून जात नाही.

बाबांना मी डिसेंबरात शिकवलं. उडवणं त्यांना पहिल्याच सकाळी आलं. सोडणं येईना.

“सोडा.”

“अगं, जाईल ना पतंग!”

“नाही जात. पट्टे आहेत.”

“पन्नास वर्षांत कधी डोर सोडली नाही मी.”

“म्हणूनच सांगते आहे. सोडा.”

दुसऱ्या रविवारी त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि हात उघडले. दोरीवरची चादर घसरावी तसा पतंग खाली आला. बाबांनी डोळे उघडले. पतंग समोरच होता. मग त्यांनी काय केलं असेल? दोन्ही हात वर करून ओरडले, “अफाऽऽ!” दुसऱ्याचा पतंग कापल्यावर आपली अख्खी गल्ली ओरडते तसं, स्वतःच्याच पतंगावर. त्या व्हेंचरचा राखणदार बाहेर येऊन पाहू लागला.

त्यानंतर घरात तो खेळच झाला. मी केव्हाही ‘सोडा’ म्हणायची आणि बाबा हातात असेल ते सोडायचे. पेपर, चष्म्याचं घर, सोललेली संत्री. आई वैतागायची, “तिच्या नादाने एक दिवस माझी बरणी फोडाल.” एकदा वरणाचा चमचा सोडला. तुझ्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना. शिंतोडा तुझ्या शर्टवर उडाला होता, आणि तू विचारलंस, हा काय येडेपणा चाललाय. मी तुला समजावून सांगितलं होतं.

म्हणजे तुला माहीत होतं.

पट्टे मला गाडीच्या मागच्या सीटवर मिळाले. गुंडाळून ठेवलेले. का काढलेस, तेही मला कळतं. बाबा दर वेळी सोडत होते, पतंग पडत होता, गुंता होत होता, आणि तुला त्यांचा लांबलचक व्हिडिओ हवा होता. मी धावत आले तेव्हा फोन तुझ्या हातातच होता. पट्टे काढले, तर सोडल्यावर महागाचा पतंग उडून जाईल. म्हणून माझ्या पिशवीतला दोर घेऊन दोन्ही मुठी तू बाबांच्या कमरपट्ट्याला बांधल्यास. तू त्यांना मारायला निघाला नव्हतास. आपल्या गच्चीवर वाढलेला माणूस दुसरं काय करणार? पतंग गेला म्हणजे हरलो. आपल्याकडे पतंग वाचवतात.

मग झोत आला. बाबांनी हात उघडले. ओढ हातांतून सुटली आणि कमरेवर आली. ब्रेक लागलाच नाही, कारण तो लावणारे पट्टे सीटवर होते. बाबांनी पतंगाला सोडलं. तू बांधलेल्या दोराने बाबांना सोडलं नाही.

दोर तू किल्ल्यांच्या जुडग्यातल्या चाकूने कापलास. ते बरोबर केलंस. नाहीतर ते पुढच्या दगडापर्यंत गेले असते. कापलेला अर्धा तुकडा तू खिशात घातलास. दुसरा मुठींना राहिला. तो माझ्याकडे आहे. प्रयोगशाळेतलं माझं रोजचं काम म्हणजे दोर, पत्रा, कापड तुटेपर्यंत ताणायचं आणि तुटलेलं टोक पाहायचं. ताणाने तुटलेलं टोक पिंजतं. याचं टोक साफ आहे.

फोन कर.

निशिगंधा


रविवार, ८ मार्च

तेजस,

तू फोन केलास. मी ऑफिसात असताना. मस्कतच्या माशांबद्दल बोललास, असं आईने सांगितलं. बाबांनाही बरं वाटलं.

गेल्या सोमवारी बाबांनी स्कूटरची किल्ली आईच्या हातात ठेवली. हाड जुळत आलं आहे, डॉक्टरांनी महिनाभराने चालवा म्हटलं होतं. आईने विचारलं, का? ते म्हणाले, “आपण हात उघडला की नाही हे ज्याला कळत नाही, त्याला ब्रेक दाबला की नाही हे कसं कळणार?”

दुसरी गोष्ट त्यांचा नकाशा. तुला आठवत असेल, सर्व्हे ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते जुन्या अंबरपेठेचा नकाशा काढत आहेत, नुसत्या आठवणीतून: बुजलेल्या विहिरी, चिंचेची झाडं, कोणाचं दार कुठल्या दिशेला होतं. अर्ध्यावर शाई चढली होती. आता तो गुंडाळून कपाटावर टाकला आहे. मी विचारलं तर म्हणाले, “आठवणीतून काढत होतो. ते खरं कशावरून?”

तिसरी. हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा बाबांनी स्वतःच विषय काढला. मी शेजारी बसले होते.

“डॉक्टर, मला एक आठवतं आणि घडलं दुसरंच, असं झालंय.”

“काय आठवतं?”

“मला आठवतं ते राहू द्या. घडलं ते माझ्या मुलाने डोळ्यांनी पाहिलंय.”

मी बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी सिकंदराबादच्या एका स्मृतीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. सोमवार, ३० मार्च. तोवर बारीकसारीक विसरणं लक्षात ठेवायला सांगितलं आहे. त्यामुळे आई आता बाबांकडे पाहतच असते. चष्मा कपाळावर ठेवून ते चष्मा शोधतात. हे ते मी शाळेत होते तेव्हापासून करतात. पूर्वी ती हसायची. परवा पदर तोंडाला लावून आत गेली.

डॉक्टरांकडून आलो त्या रात्री जेवणं झाल्यावर मी दोराचा तुकडा आणि पट्टे टेबलावर ठेवले. पट्टे कुठे मिळाले, टोक असं का, सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दोराच्या टोकावर अंगठा फिरवला.

“निशी, तू होतीस तिथे?”

“नव्हते.”

“मग?”

“हा दोर होता तिथे.”

“माझ्या अंगावर काय बांधलं ते तोच बघत होता, माझं लक्ष पतंगाकडे. दोर कोणीही कापतो गं. आणि तेजस माझ्याशी खोटं कशाला बोलेल? चुकला असता तर म्हणाला असता, बाबा, चुकलो.”

आई ताटं उचलत होती. तिथूनच म्हणाली, “जलमभर त्याने पतंग उडवला आणि तू चरख धरलीस, ते डाचतं तुला. बापाच्या आजारपणात कशाला उकरतेस?”

मी म्हटलं, “डाचतं. पण दोर त्यानेच कापला.”

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा बोलले. मला माफ केल्यासारखं बोलले.

कोणत्या दोन गोष्टींतून बाबांनी निवड केली, ते तुला कळावं म्हणून लिहिते. एकीकडे मुलगा खोटा. दुसरीकडे आपलं डोकं गेलं. त्यांना दुसरी सोपी वाटली.

निशिगंधा


रविवार, १५ मार्च

दादा,

काल मी एक गोष्ट केली. करायला नको होती.

संध्याकाळी बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. झोळी निघाली आहे, दोन्ही हात चालतात. मी मागून आले, त्यांना माझी चाहूल नव्हती. मी मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात म्हटलं, “सोडा.”

दोन्ही हात उघडले. विचार करायच्या आधी. पेपर खाली पडला आणि एक पान कठड्यातून निघून हिम्मतरावकाकांच्या पायरीवर जाऊन बसलं.

बाबा तसेच बसून राहिले. तळवे वर, बोटं ताठ. मी समोर येऊन म्हटलं, “बघा बाबा. सुटतात ना हात?”

ते हातांकडे पाहत होते. मला वाटलं, आता ते ‘अफाऽऽ’ ओरडतील, डिसेंबरात ओरडले होते तसं. ते म्हणाले, “आज सुटले गं. तेव्हा का नाही सुटले?”

मग वाकून पानं गोळा करायला लागले. खाली गेलेलं पान मी आणून दिलं. त्यांनी ते भलत्याच जागी घातलं, घडी केली, आणि आईने ते पाहिलं.

मला तुझी माफी नको. व्हिडिओही मागत नाही. तो तू पुसला असशील किंवा नसशील. पुरावा माझ्याकडे आहे आणि तो या घरात चालत नाही. या घरात तुझा शब्द चालतो. तो लहानपणापासून चालतो, आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही, कारण बहुतेक वेळा मीही त्यावर विश्वास ठेवत होते.

फोन करू नकोस. फोनवर तू पहिलं वाक्य बोलशील आणि दुसऱ्या वाक्याला कोणीतरी हसेल. कागदावर लिही, तुझ्या त्या वाकड्या मराठीत. बाबांना तुझं अक्षर ओळखू येतं. चार वाक्यं पुरतील. सुचणार नाहीत म्हणून देते:

मी पट्टे काढले.
मी मुठी तुमच्या कमरेला बांधल्या.
तुम्ही दोन्ही हात सोडले होते.
मी पाहिलं.

पहिली दोन लिहायची हिंमत नसेल तर फक्त शेवटची दोन लिही. माझं तेवढ्याने भागणार नाही, पण बाबांचं भागेल. हे पत्र मी उद्या कुरिअरने पाठवते आहे, पण तुझं उत्तर पोस्टाने वेळेत येणार नाही. कागदाचा फोटो काढून आईच्या फोनवर पाठव. तो बाबांना कसा दाखवायचा ते मी बघेन. आईलाही मीच सांगेन. तिच्यासमोर तू यायची गरज नाही.

सोमवारी, ३० तारखेला सकाळी बाबांना सिकंदराबादला न्यायचं आहे. त्यांनी आत्ताच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे, आणि डॉक्टर तारीख, वार विचारतात असं कोणीतरी सांगितल्यामुळे ते रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहून वार पाठ करतात.

लिहिणार आहेस की नाही, ते शुक्रवार, २७ मार्चपर्यंत मला कळव.

निशी